एका कॅनव्हासवर दोन ठिकाणं: विल्यम हॉजेस, एप्रिल १७७३

ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात साधारण ६५ सेंटिमीटर उंच आणि ७३ सेंटिमीटर रुंद असं एक तैलचित्र आहे. न्यूझीलंडच्या नैर्ऋत्य टोकाला डस्की साउंड नावाची लांबलचक खाडी आहे, तिच्यातल्या पिकर्सगिल हार्बर या आडोशाचं हे दृश्य. ओलं, गच्च, काळपट हिरवं रान. जहाजापासून काठापर्यंत आडवं वाढलेलं एक झाड आणि त्याच्या खोडावरून चालणारा माणूस. मागे पाण्यावर उजेड. ते विल्यम हॉजेसने जेम्स कुकच्या मोहिमेवर असताना काढलं. २००४ मध्ये हॉजेसच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन याच संग्रहालयात झालं. त्या सुमाराच्या तपासणीत या चित्राचे क्ष-किरण फोटो काढले, तेव्हा रानाखाली दोन हिमनग दिसले. अंटार्क्टिकचा बर्फ प्रत्यक्ष पाहून केलेल्या तैलचित्रांमध्ये हे आज माहीत असलेलं सर्वांत जुनं मानलं जातं, आणि ते दोनशे तीस वर्षं दुसऱ्या चित्राखाली कुणाच्या नजरेला न पडता राहिलं होतं.

मोहिमेवर गेलेला चित्रकार प्रत्यक्षात काम कसं करत होता, त्याच्या हाताशी काय होतं, आणि त्याचं काम कुठे बिघडलं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण सापडणं कठीण. हॉजेस चुकला तो जहाजावर नव्हे. बिघाड झाला तो लंडनला परतल्यावर, चित्र दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर.

माणूस आणि नेमणूक

विल्यम हॉजेसचा जन्म १७४४ मध्ये लंडनमध्ये एका लोहाराच्या घरी झाला. आधी विल्यम शिप्लीची चित्रशाळा, मग रिचर्ड विल्सन या निसर्गचित्रकाराकडे उमेदवारी. विल्सनकडे तो जे शिकला ते पुढे जन्मभर दिसतं: पुढचा भाग गडद ठेवायचा, नजर मधल्या उजेडाकडे न्यायची, आणि दूरचे डोंगर हवेत विरघळू द्यायचे. उमेदवारी संपल्यावर पोटासाठी त्याने नाटकाचे पडदेही रंगवले. ही माहिती आपण सहज ओलांडून जातो, पण मोठ्या पृष्ठभागावर भराभर, जाड ब्रशने, लांबून पाहायचं चित्र करण्याची सवय त्याला तिथे लागली असणार. जहाजावर ती फार कामाला आली.

इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या दुसऱ्या मोहिमेवर खरं तर दुसराच चित्रकार जायचा होता. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स आपला मोठा लवाजमा घेऊन निघणार होता आणि त्यात योहान झोफनी हा नामवंत चित्रकार होता. बँक्सच्या माणसांची सोय व्हावी म्हणून ‘रिझोल्युशन’ या ४६२ टनी जहाजावर वरचा जादा मजला चढवला. चाचणीतच जहाज डोईजड झालं, कलंडायला लागलं. मजला उतरवला, बँक्स रुसून बाजूला झाला, त्याच्याबरोबर झोफनीही गेला. जूनच्या अखेरीस नौदल खात्याने सत्तावीस वर्षांच्या हॉजेसला नेमलं आणि १३ जुलै १७७२ रोजी जहाज प्लिमथहून निघालंदेखील. तीन वर्षं पुरेल इतका कॅनव्हास, कागद आणि रंग गोळा करायला त्याला जेमतेम दोन आठवडे मिळाले. हिमनगांवर रान का रंगवलं गेलं, याचा विचार करताना हे दोन आठवडे लक्षात ठेवावे लागतात.

काम काय, ते नौदल खात्याने स्पष्ट केलं होतं: जहाज जिथे थांबेल तिथली अशी रेखाटनं आणि चित्रं करायची, की नुसत्या लेखी वर्णनापेक्षा त्या जागेची नेमकी कल्पना यावी. झाडंपाने आणि प्राणी काढायला जॉर्ज फॉर्स्टर हा तरुण होता, ताऱ्यांची मोजदाद करायला विल्यम वेल्स. (पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी व्यक्तिचित्रं काढणारा जेम्स वेल्स हा वेगळा माणूस.) हॉजेसच्या वाट्याला आले जमीन, पाणी, हवा आणि माणसांचे चेहरे.

जहाजावर तैलरंग

ट्यूबमधले रंग १८४१ मध्ये आले. हॉजेसच्या काळी जवसाच्या तेलात घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत भरून दोऱ्याने बांधायचे. हवा तेव्हा पिशवीला टोचा मारायचा, दाबून रंग काढायचा आणि भोकात खुंटी बसवायची. एकदा टोचलेली पिशवी कितीही बंद केली तरी आतला रंग हळूहळू घट्ट होत जातो, आणि उष्ण कटिबंधात पिशवी फुटली की सगळा डबा चिकट होऊन बसतो. त्यामुळे लांबच्या प्रवासाला काही रंग कोरड्या भुकटीतच न्यायचे आणि लागेल तसे काचेच्या बत्त्याने दगडी पाट्यावर घोटायचे. डोलणाऱ्या जहाजावर हे काम एकट्याचं नसतं, पाटा धरायला दुसरा माणूस लागतो.

काम करायला सर्वांत चांगली जागा म्हणजे पिछाडीची मोठी केबिन. तिथे ओळीने खिडक्या असतात, उजेड भरपूर, आणि पाऊस-वाऱ्यात बसून बाहेरचं दिसतं. मात्र ही जागा कुकच्या हक्काची, तिथेच जेवणं, तिथेच नकाशे. केप ऑफ गुड होपला जहाज नांगरून असताना हॉजेसने टेबल माउंटनचं जे चित्र केलं ते जवळपास सव्वा मीटर रुंद आहे, आणि ते जहाजावरून, समोर पाहून केल्याचं त्याच्या नावातच म्हटलेलं आहे. डोंगरावर ढगांची सावली सरकते आहे, खाली गावावर ऊन पडलं आहे. त्या दिवशीची हवा चित्रात आहे. स्टुडिओत बसून निसर्गचित्र करण्याचा तो काळ, इतक्या मोठ्या कॅनव्हासवर उघड्या हवेचं काम तेव्हा विरळच.

जहाजावर खरा प्रश्न वाळण्याचा. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं. थंडीत ही क्रिया मंदावते. रंगांचा स्वभावही वेगवेगळा असतो: सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, लवकर धरतो; अंबर हा तपकिरी मातीचा रंग त्याहून लवकर; काजळीचा काळा आणि लाखेसारखे तांबडे कित्येक दिवस ओलेच राहतात. ओला कॅनव्हास एकावर एक ठेवता येत नाही. कोपऱ्यांत बुचाचे तुकडे अडकवून दोन कॅनव्हास समोरासमोर बांधतात, पण जहाज हेलकावलं की बूच सरकतं आणि दोन्ही चित्रं जातात. वाळल्यावर चौकटीवरून काढून गुंडाळायचं, तेव्हा रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर उलगडताना थर चेपून तडे जातात.

बर्फ ते रान

डिसेंबर १७७२ मध्ये पहिले हिमनग दिसले. जानेवारीत होड्या सोडून समुद्रातले बर्फाचे तुकडे गोळा केले, ते वितळवून सुमारे १५ टन गोडं पाणी मिळालं. १७ जानेवारी १७७३ रोजी जहाजाने अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं, माणसांच्या नोंदीतलं हे पहिलंच. हॉजेसने या दिवसांत शाई आणि वॉशमध्ये, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाच्या छटांत, बर्फाची कामं केली. त्यांत पाण्याच्या कडेशी कुरतडलेले, पोकळ झालेले हिमनग आहेत आणि त्यांच्यापुढे नखाएवढी जहाजं. तिथे जलरंगाचीही अडचण असते: दमट थंडीत वॉश वाळतच नाही, आणि भांड्यात समुद्राचं पाणी गेलं तर कागदात मीठ उरतं, जे पुढे दर पावसाळ्यात ओल ओढतं.

यातलंच काही त्याने तेलातही उतरवलं, तेच रानाखालचे दोन हिमनग.

२६ मार्च रोजी जहाज डस्की साउंडमध्ये शिरलं. कुकच्या हिशोबाने ११७ दिवस जमीन दिसली नव्हती. लेफ्टनंट पिकर्सगिलला जी जागा सापडली तिथे जहाज काठाला इतकं भिडलं की आडव्या डोलकाठ्या झाडांच्या फांद्यांत अडकल्या. एक मोठं झाड पाण्यावर आडवं वाढलेलं होतं, त्याचाच उतरायला पूल झाला. एकरभर रान तोडून वेधशाळा, लोहाराची भट्टी आणि तंबू उभारले, झाडपाला उकळून स्कर्व्ही या खलाशांच्या रोगावर उतारा म्हणून बिअर काढली. पाऊस जवळजवळ रोजचा. चार महिने पांढरं आणि करडं पाहिलेल्या डोळ्यांसमोर अचानक हे हिरवं रान आलं.

हॉजेसने हिमनगांचा कॅनव्हास घेतला आणि त्यावर हे रान रंगवलं. आमच्या मते यामागे दोन साधी कारणं आहेत. बर्फाची नोंद त्याच्याकडे वॉशमध्ये होती, आणि कोरा कॅनव्हास मोजका होता. शिवाय वाळण्याच्या दृष्टीनेही हा क्रम योग्य पडला. बर्फ म्हणजे मुख्यतः सफेदा, लवकर धरणारा, तेल कमी पिणारा. रान म्हणजे गडद, तेलकट, पातळ थर. तैलचित्राचा जुना नियमच आहे: खाली रुक्ष, वर स्निग्ध. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वर मगरीच्या पाठीसारखे तडे पडतात.

आता क्ष-किरण. शिसं क्ष-किरण अडवतं, म्हणून फोटोत सफेदा पांढरा उमटतो. झाडांचे हिरवे-तपकिरी मातीचे रंग किरणांना फारसे अडवत नाहीत. त्यामुळे फोटोत रान जवळजवळ नाहीसं होतं आणि खालचे हिमनग उजळून वर येतात. अशा तपासणीत एक खबरदारी घ्यावी लागते. त्या काळी कॅनव्हासच्या अस्तरातही सफेदा असे, तो सगळीकडे सारखा पांढरट पडदा धरतो. खालचं चित्र ओळखायचं ते जाडीतल्या फरकावरून आणि ब्रशच्या फटकाऱ्यांच्या दिशेवरून. दुसरी साधी पद्धत म्हणजे खोलीत अंधार करून एका बाजूने तिरपा दिवा धरायचा. वरच्या चित्राच्या आकाराशी न जुळणारे उंचवटे दिसले, तर खाली काहीतरी आहे असं समजावं. काळानुसार तैलरंगाचा थर पारदर्शक होत जातो, म्हणून गडद रंगाखाली पांढरं असेल तर शेकडो वर्षांनी ते डोकावू लागतं.

चेहरे

डस्की साउंडमध्ये एका माओरी कुटुंबाशी ओळख झाली. हॉजेसने त्यांतल्या बहुतेकांची चित्रं काढली, म्हणून त्यांनी त्याला ‘तोए-तोए’ असं नाव दिलं. कुकने रोजनिशीत हे टिपलं आहे, आणि शब्दाचा अर्थ खुणा करणं किंवा रंगवणं असावा असा अंदाजही केला आहे. माओरी भाषेत ‘तुही’ म्हणजे रेघा काढणं, लिहिणं. इंग्रज कानांनी तोच शब्द असा ऐकला असावा. मोहिमेवरच्या चित्रकाराला तिथल्या लोकांनी त्याच्या कामावरून नाव ठेवावं, यातला जिव्हाळा आजही जाणवतो.

व्यक्तिचित्रांसाठी त्याने बहुतेक लाल खडू वापरला. हा गेरूच्या जातीचा नैसर्गिक दगड असतो, कापून कांडी करतात. मोठ्या कागदावर फक्त डोकं आणि खांदे. ताहितीचा राजा तू आणि बरोबर काही महिने जहाजावर प्रवास केलेला हितिहिती हा तरुण यांची अशी चित्रं आहेत. लाल खडूचा फायदा असा की त्वचेची ऊब एकाच कांडीत येते, आणि वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. तोटा असा की चूक पुसता येत नाही. पावाच्या मऊ गराने थोडं उचलता येतं, पण कागदाच्या दाण्यात बसलेला रंग निघत नाही. म्हणून आधी अगदी हलक्या हाताने डोळ्यांची रेघ, नाकाचा तळ आणि हनुवटी यांची अंतरं बांधायची, मग दाब वाढवायचा. काम झालं की वर पातळ कागद ठेवून सपाट बांधायचं. गुंडाळलं तर घर्षणाने चेहराच निघून जातो.

याच प्रवासात तो किनाऱ्यांच्या लांब पट्ट्याही काढत होता. नांगरलेल्या जहाजावरून, होकायंत्राने प्रत्येक सुळक्याची दिशा घेऊन, कागदावर त्या अंतराने उभ्या खुणा करायच्या आणि मग त्यांच्यामध्ये डोंगराची रेघ भरायची. इथे विल्सनची शिकवण बाजूला ठेवावी लागते. सुंदर दिसावा म्हणून डोंगर थोडा उंच केला, तर पुढचा खलाशी भलत्याच खाडीत शिरेल. रोज सकाळी मोजून रेघ काढणारा हात दुपारी हवा रंगवायला बसतो, तेव्हा ती हवाही मोजूनच येते. त्याच्या जागेवरच्या कामात जो प्रामाणिकपणा दिसतो त्याचं मूळ इथे आहे, असं आम्हाला वाटतं.

बिघाड

जहाज ३० जुलै १७७५ रोजी परतलं. नौदल खात्याने हॉजेसला वर्षाला २५० पौंड देऊन मोठी तैलचित्रं पुरी करायला आणि कुकच्या ग्रंथासाठी तांब्याच्या पत्र्यांवर होणाऱ्या कोरीवकामावर देखरेख करायला ठेवलं. ग्रंथ १७७७ मध्ये आला.

या टप्प्यावर चित्र चार हातांतून जातं. आधी जागेवरचं रेखाटन, मग त्यावरून केलेली नटवी मांडणी, मग कोरणाऱ्याचा पत्रा, मग छापखाना. पत्र्यावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे छापताना ते सुलटं येतं. कोरणाऱ्याने ती माणसं कधी पाहिलेली नसतात. त्याचा हात तयार झालेला असतो तो ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या नकला करून. जिथे रेखाटनात संदिग्धता असेल तिथे त्याचा हात सवयीकडे जातो.

टोंगातल्या एउआ बेटावर ऑक्टोबर १७७३ मध्ये कुक उतरला, त्या प्रसंगाचं शेर्विनने कोरलेलं चित्र हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. बेटावरचे लोक त्यात झुळझुळीत चुण्यांची वस्त्रं पांघरून ग्रीक देवतांसारखे उभे आहेत. जॉर्ज फॉर्स्टर तिथे स्वतः होता. त्याने आपल्या पुस्तकात साफ लिहिलं, की या चित्रातली ग्रीक चेहरेपट्टी दक्षिण समुद्रात कधीच नव्हती. टीका रास्त होती. लाल खडूच्या एका चेहऱ्याशेजारी हा छाप ठेवला की दोष उघड दिसतो: खडूच्या चित्रात कुणीतरी एक माणूस आहे, छापात कुणीच नाही.

तैलचित्रांतही हे थोडंबहुत झालं. ताहितीच्या युद्धनौकांचं मोठं चित्र घ्या. एप्रिल १७७४ मध्ये कुकने १६० मोठ्या जोडनौका आणि १७० लहान नौका मोजल्या, मोठीला सरासरी ४० आणि लहानीला ८ माणसं धरून ७,७६० असा आकडा काढला. कॅनव्हासवर इतकं मावत नाही. हॉजेसने पुढे थोड्या नौका मोठ्या घेतल्या आणि बाकीचा ताफा मागे धुकट केला. आकडा गेला, पण गर्दी आणि दबदबा राहिला. अशी तडजोड चालते. पुतळ्याचा चेहरा माणसाला लावला तर चालत नाही, कारण पाहणाऱ्याला फसवणूक कळायला मार्गच उरत नाही.

दुसरी संधी: हिंदुस्थान

हॉजेस १७८० मध्ये मद्रासला उतरला. हैदर अलीच्या युद्धामुळे वर्षभर शहराबाहेर पडता आलं नाही. पुढे कलकत्त्याला गेला आणि वॉरन हेस्टिंग्जबरोबर गंगेने वर निघाला. ऑगस्ट १७८१ मध्ये बनारसला चेतसिंगाचा उठाव झाला, तेव्हा इंग्रजांच्या त्या टोळीला रातोरात चुनारकडे पळावं लागलं. नंतर त्याने घाट, चुनार, आग्रा असं पाहत १७८३ मध्ये ग्वाल्हेर गाठलं. मराठी वाचकाला हे ठिकाण जवळचं: १७८० मध्ये इंग्रज अधिकारी पॉपहॅमच्या फौजेने हा किल्ला रात्री शिड्या लावून घेतला होता, आणि १७८३ मध्येच महादजी शिंद्यांनी तो परत मिळवला. हॉजेसच्या ग्वाल्हेरच्या चित्रात त्या ताशीव कड्यालाच सगळं महत्त्व आहे.

या वेळी त्याने मधले हात काढून टाकले. १७८५ ते १७८८ दरम्यान निघालेल्या हिंदुस्थानच्या ४८ दृश्यांचे पत्रे त्याने स्वतः अॅक्वाटिंटमध्ये केले. या पद्धतीत तांब्यावर राळेची बारीक पूड बसवून ती तापवतात, मग आम्लात बुडवतात. आम्ल दाण्यांच्या मधून तांबं खातं. जितका वेळ जास्त, तितका छापात रंग गडद. उजळ ठेवायचे भाग दर बुडवणीपूर्वी वार्निशने झाकायचे. वॉशचा हात असलेल्या माणसाला हे जवळचं वाटतं, कारण रेघेऐवजी छटांनी काम होतं. चूक मात्र सुधारत नाही. राळ जास्त तापली तर दाणे एकमेकांत मिसळतात आणि तो भाग पांढरा डाग होऊन राहतो.

पण दोष राहिलाच, या वेळी दुसऱ्या जातीचा. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे पाठोपाठ आले. कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरचं दृश्य भिंगातून कागदावर पाडणारी पेटी, लावून त्याच इमारती काढताना त्यांना हॉजेसची प्रमाणं चुकलेली आढळली. कमानी, मिनार, मजले यांची मोजदाद हॉजेसची जमेची बाजू नव्हती. डोंगर, पाणी, धूळ, दमट उजेड यांत तो डॅनियलांपेक्षा सरस होता, हे दोघांची कामं शेजारी ठेवून पाहिल्यावर कुणालाही पटेल.

१७८७ मध्ये तो रॉयल अकादमीचा पूर्ण सदस्य झाला. १७९४च्या अखेरीस त्याने लंडनमध्ये शांतता आणि युद्ध यांचे परिणाम दाखवणाऱ्या दोन मोठ्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. ड्यूक ऑफ यॉर्कची नाराजी ओढवली आणि जानेवारी १७९५ मध्ये प्रदर्शन बंद करावं लागलं. हॉजेसने उरलेली कामं विकून चित्रकला सोडली, डार्टमथला एका बँकेत भागीदारी घेतली. १७९७ च्या आर्थिक संकटात ती बँक बुडाली, आणि त्याच वर्षी ६ मार्चला तो वारला.

हिंदुस्थानातली त्याची चित्रं विकली गेली तशी विखुरली. कुकच्या प्रवासातली मात्र बरीचशी एकत्र राहिली, कारण पगार आणि कॅनव्हास नौदल खात्याचे होते आणि चित्रंही त्याच खात्याची झाली. आजही ती ब्रिटनच्या संरक्षण खात्याच्या मालकीची म्हणून ग्रिनिचला ठेवलेली आहेत. दोन हिमनगांवरचं ते रानही त्यांतच आहे.